एच-इंडेक्स काढण्याआधी नाव तपासा : प्राध्यापकांनो, या चुका टाळा

पदोन्नतीचे अर्ज भरायचे दिवस आले की आमच्या ग्रंथालयात वर्दळ वाढते. एरवी पेपर चाळायलाही न फिरकणारे सर खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "तेवढा एच-इंडेक्स काढून द्या हो." मी बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. एच-इंडेक्स म्हणजे आपले शोधनिबंध किती आणि इतरांनी त्यांचे संदर्भ (सायटेशन) किती दिले, यांवरून काढलेला आकडा. तो दोन मिनिटांत निघतो, पण तो त्याच माणसाचा आहे का, हे बघण्यात दुपार जाते.

सगळ्यात मोठा घोळ नावाचा. रसायनशास्त्राच्या एका मॅडमचे शोधनिबंध तीन ठिकाणी विखुरलेले निघाले: माहेरच्या आडनावाने, सासरच्या आडनावाने आणि नुसत्या आद्याक्षरांनी. वर त्यांच्या गूगल स्कॉलर (गूगलची शोधनिबंध शोधण्याची सेवा) प्रोफाइलवर हृदयरोगावरचे चार निबंध! कुणा नावबहिणीचे होते, आपोआप येऊन बसलेले. जाधव इंग्रजीत लिहिताना कुणी शेवटी व्ही लावतो, कुणी ओ. यंत्राच्या लेखी ती दोन माणसं. म्हणून गूगल स्कॉलरमधली निबंध आपोआप जोडण्याची सोय बंद करा आणि 'आधी मला ईमेलने विचारा' हा पर्याय निवडा. एकच निबंध दोनदा दिसत असेल तर दोन्हींवर खूण करून मर्ज करा. ऑर्किडचा (ORCID) म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो. तो घ्या आणि यापुढे प्रत्येक निबंधासोबत द्या. स्कोपस या निबंधांच्या आणि सायटेशनच्या माहितीसाठ्यात दोन प्रोफाइल झाली असतील तर ती एकत्र करण्याची विनंती लेखकाला स्वतःला पाठवता येते.

माणसांचं सोडा, आपल्याकडे विद्यापीठांचीही नावं बदललीत. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा १९९४ मध्ये नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघालं आणि नांदेड, लातूर, परभणीकडची कॉलेजं तिकडे गेली. परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ मध्ये वसंतराव नाईकांचं नाव मिळालं, आणि आता तर औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालंय. तीस-पस्तीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाच्या निबंधांवर चार-चार पत्ते सापडतात. जुने पत्ते बदलायच्या भानगडीत पडू नका. नवीन निबंधावर मात्र विद्यापीठाचं अधिकृत इंग्रजी नाव अक्षर न् अक्षर तसंच लिहा. आपल्या मनाने त्याचं लघुरूप करू नका.

आता आकड्याबद्दल. एच-इंडेक्स ही जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलेली रीत. समजा, तुमच्या सहा निबंधांना अनुक्रमे १२, ९, ६, ४, ३ आणि ० सायटेशन आहेत. किमान चार सायटेशन असलेले चार निबंध आहेत, पण किमान पाच असलेले पाच नाहीत, म्हणून इंडेक्स ४. एकाच निबंधाला तीनशे आणि बाकी तिघांना दोन-दोन असतील तर इंडेक्स फक्त २. शिवाय गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांचे निबंध असं बरंच काही मोजतो, स्कोपस मात्र निवडून घेतलेलं साहित्यच. म्हणून अर्जात आकड्यापुढे तो कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते लिहा. एक रकाना इथला, दुसरा तिथला, असं कडबोळं करू नका.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर हा तुमच्या निबंधाचा गुण नव्हे. आधीच्या दोन वर्षांत त्या नियतकालिकात आलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो. पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांच्या मुखपृष्ठावरचे झळझळीत आकडे बहुधा भलत्याच कुणी दिलेले असतात. खरा आकडा तो काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या वार्षिक अहवालात बघावा.

पण मला खरा राग येतो तो तुलनेचा. गणिताच्या सरांना "तुमचे इतके कमी कसे?" असं जीवशास्त्रवाल्यांनी विचारू नये. गणितात एक-दोघं मिळून लिहितात आणि सायटेशन सावकाश येतात. शेतीसंशोधकांचंही तसंच: परभणी मोती ही ज्वारी किती शिवारांत पेरली गेली, हे कुठल्याच इंडेक्सला कळत नाही. तुलना करायचीच तर त्याच विषयातल्या, तितकीच वर्षं काम केलेल्या माणसाशी करा. स्कोपसमध्ये विषय, वर्ष आणि लेखाचा प्रकार जमेस धरून काढलेलं गुणोत्तर मिळतं, त्यात १ म्हणजे जगाची सरासरी.

मराठीत लिहिणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. महानुभाव वाङ्मयावर किंवा पैठणच्या सातवाहनांवर आयुष्य घालवलेल्या माणसाचं प्रोफाइल रिकामं दिसतं. त्यांना मिळालेले संदर्भ पुस्तकांच्या तळटीपांत आहेत, तिथे यंत्र सहसा पोचत नाही. काही दोष आपलाही आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ आपल्याला मराठी दिसते, पण यंत्राला आत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, मग शोधात ती सापडणार कशी? आपल्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. मराठीच उमटली तर ठीक, नाहीतर मूळ मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या. निबंधाचं नाव आणि सारांश इंग्रजीतही द्या, आणि प्रबंध शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) चढला का ते एकदा बघा. मराठीच्या आमच्या एका सरांची पीडीएफ अशी पेस्ट केली, तर 'लीळाचरित्र'च्या जागी कंस आणि स्वल्पविराम उमटले. सर सध्या पहिल्या पानापासून पुन्हा टाइप करून घेताहेत.