मोठ्या चेहऱ्यासाठी डायव्हिंग मास्क घेताना या चुका टाळा

"माझा चेहरा मोठा आहे, मला कोणताच मास्क बसत नाही," असे सांगणारे विद्यार्थी माझ्याकडे दर हंगामात येतात. त्यांच्या पिशवीत बहुधा दोन-तीन मास्क असतात आणि ते सगळेच गळत असतात. डायव्हिंग शिकवताना इतक्या चेहऱ्यांवर मास्क लावून पाहिल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, दोष क्वचितच चेहऱ्याचा असतो. तो मास्क निवडण्याच्या आणि लावून पाहण्याच्या पद्धतीत असतो.

पहिली चूक म्हणजे चेहरा मोठा म्हणून मास्कही मोठाच मागणे. चेहरा नेमका कुठे मोठा आहे, हे आधी पाहावे लागते. कुणाच्या गालांची हाडे रुंद असतात, कुणाचा चेहरा लांब असतो, कुणाचे फक्त नाक रुंद असते, आणि या तिघांना एकच मास्क बसण्याची शक्यता फार कमी असते. शिवाय मास्कच्या मापांना सर्व कंपन्यांत मिळून एक प्रमाण नाही. एकीचा 'लार्ज' दुसरीच्या 'मीडियम'पेक्षा लहान निघू शकतो. म्हणून खोक्यावरचे अक्षर न वाचता सिलिकॉनच्या स्कर्टची, म्हणजे काचेभोवतीच्या मऊ झालरीची, कड चेहऱ्यावर कुठे टेकते ते पाहावे. वरची कड भुवयांच्या वर पण केसांच्या खाली, बाजूच्या कडा डोळ्यांचा बाहेरचा कोपरा आणि कानशिलावरचे केस यांच्या मधल्या सपाट त्वचेवर, आणि खालची कड नाक व वरचा ओठ यांच्या मध्ये टेकली पाहिजे. रुंद चेहऱ्यावर अरुंद मास्क लावला की बाजूची कड थेट डोळ्याच्या कोपऱ्यावर येते, जिथे हसताना किंवा डोळे बारीक करताना सुरकुत्या पडतात, आणि त्या सुरकुत्यांतूनच पाणी आत येते. उलट, रुंद पण आखूड चेहऱ्यावर फार उंच मास्क लावला तर खालची कड ओठावर बसते आणि माउथपीस (श्वास घेण्यासाठी दातांत धरायचा तुकडा) चावताक्षणी उचलली जाते.

दुसरी चूक इतकी सर्रास केली जाते की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. मास्क चेहऱ्याला लावायचा, नाकाने जोरात श्वास ओढायचा, हात सोडायचे आणि मास्क पडला नाही की खूश व्हायचे, अशी ही परीक्षा असते. जोराने श्वास ओढला तर जवळजवळ कोणताही मास्क काही क्षण चिकटून राहतो, कारण त्या ओढीने स्कर्ट जबरदस्तीने त्वचेवर दाबला जातो आणि ज्या फटी शोधायच्या असतात त्याच तेवढ्यापुरत्या बुजतात. पाण्याखाली मात्र कोणी सतत श्वास ओढून धरत नाही.

माझी पद्धत सावकाशीची आहे. पट्टा पुढे काचेवर टाकावा, मान मागे करून छताकडे पाहावे आणि मास्क न दाबता केवळ त्याच्या वजनावर चेहऱ्यावर ठेवावा. सोबतच्या माणसाला उजेडात सगळ्या बाजूंनी कड पाहायला सांगावे. कुठे फट दिसली तर तो मास्क तिथेच बाजूला ठेवावा. फट नसेल तर फुलाचा वास घ्यावा इतक्या हलक्या श्वासाने मास्क धरून हळूहळू समोर पाहावे. त्यानंतर हे सगळे पुन्हा, या वेळी तोंडात माउथपीस धरून करावे. ही पायरी सर्वांत जास्त गाळली जाते, वास्तविक माउथपीस तोंडात गेला की वरचा ओठ पुढे येतो, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या रेषा बदलतात, आणि भरल्या गालांच्या माणसात हा बदल अधिकच जाणवतो. मी यासाठी स्वतःचा एक जादा माउथपीस कायम पिशवीत ठेवतो आणि विद्यार्थ्यांनाही त्यांचा स्वतःचा आणायला सांगतो. एका मास्कला पाच मिनिटे लागतात. पाच मिनिटे थांबायची ज्यांची तयारी नसते, तेच पुढे प्रत्येक डायव्हमध्ये अर्धे लक्ष मास्कमधल्या पाण्यावर घालवतात, आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

आता पट्ट्याविषयी. मास्क गळू लागला की हात आपोआप बकलकडे जातो, आणि हीच सर्वांत नुकसानकारक सवय आहे. माझ्या एका विद्यार्थ्याचा चेहरा गालांपाशी चांगलाच रुंद होता. त्याने दुकानातला सर्वांत मोठा मास्क घेतला होता आणि नाकाने श्वास ओढून केलेल्या परीक्षेवर मीही त्याला मान डोलावली होती; त्याची खंत मला आजही आहे. पहिल्या डायव्हला पाच-सहा मीटरवरच पाणी शिरू लागले. वर आल्यावर त्याने पट्टा आवळला. दुसऱ्या डायव्हला जास्त पाणी शिरले, म्हणून त्याने आणखी आवळला. तिसऱ्या वेळी बसलेला मास्क हलू नये या भीतीने त्याने नाकाने हवा सोडणेच बंद केले. पृष्ठभागावर दाब साधारण १ बार (बार हे दाबाचे एकक) असतो आणि १० मीटर खोलीवर तो २ बार होतो. बॉइलच्या नियमाप्रमाणे तिथे मास्कमधल्या हवेचे आकारमान निम्मे होऊ पाहते. नाकातून थोडी हवा सोडून ती तूट भरली नाही, तर मास्क चेहऱ्याची त्वचा आणि डोळे आत ओढू लागतो. वर आला तेव्हा त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरले होते. डॉक्टरांनी तपासून दृष्टीला धोका नसल्याचे सांगितले आणि दोनएक आठवड्यांत ते रक्त विरलेही, परंतु बोटीवर त्याचा चेहरा पाहून सगळे गप्प झाले होते.

त्या दिवशी मी त्याच्या चेहऱ्यावरचा वळ जवळून पाहिला. कपाळाच्या दोन्ही टोकांना आणि कानशिलांवर जांभळट, खोल रेघ उमटली होती; गालांच्या हाडांखाली ती पुसट होत गेली होती आणि वरच्या ओठाजवळ तर खूणच नव्हती. म्हणजे पट्टा जितका आवळला, तितका मास्क वरून दाबला गेला आणि खालून उचलला गेला. चांगल्या स्कर्टला आतल्या बाजूने एक पातळ, मऊ पाळ असते आणि पाणी अडवण्याचे काम प्रामुख्याने तीच करते. जास्त ताण दिला की ती दुमडते आणि तिथेच वाट तयार होते. पाण्याखाली मास्कला जागेवर दाबून धरायला बाहेरचे पाणी पुरेसे असते, पट्ट्याने फक्त तो घसरू द्यायचा नसतो. दुसऱ्या दिवशी आम्ही पाच मास्क वर सांगितलेल्या पद्धतीने लावून पाहिले आणि शेवटी बसला तो मधल्या मापाचा, उंचीला कमी पण रुंद व मऊ स्कर्टचा मास्क. त्याचा पट्टा, खाली दोन बोटे सहज सरकतील इतका सैल ठेवला.

पट्टा डोक्याच्या मागे, कानांच्या वर, सर्वांत फुगीर भागावर बसवावा. डोक्याचा घेर मोठा असेल आणि पट्टा त्याच्या शेवटच्या खाचेपर्यंत सोडूनही ताणलेलाच राहत असेल, तर मास्क बदलू नये. लांब पट्टा किंवा निओप्रीनचा (मऊ, ताणणाऱ्या रबरी कापडाचा) पट्टा लावावा.

नाकाकडे दुर्लक्ष करणे ही पुढची चूक आहे. खाली जाताना कानांवर येणारा दाब नाक चिमटीत धरून मोकळा करता यावा यासाठी मास्कला नाकाचा वेगळा कप्पा असतो. इटलीच्या क्रेसी कंपनीचा १९५२ मधला 'पिनोकिओ' हा मास्क अशा कप्प्यामुळेच नावाजला गेला. रुंद नाक त्या कप्प्यात दाटीने बसत असेल, किंवा तळहाताने मास्क हलकेच दाबल्यावर चौकटीचा कडक भाग नाकाच्या हाडाला लागत असेल, तर दुकानात किरकोळ वाटणारा तो स्पर्श वीस मिनिटांनी असह्य होतो. आत कमी हवा मावणारे मास्क पाणी शिरल्यास रिकामे करायला सोपे आणि म्हणून लोकप्रिय आहेत, पण त्यांची काच डोळ्यांच्या फार जवळ येते. पापण्या काचेला घासत असतील तर तो नाद सोडावा.

काही जण कंटाळून संपूर्ण चेहरा झाकणारा स्नॉर्केलिंगचा मास्क घेतात आणि तोच डायव्हिंगला वापरू म्हणतात. तो पृष्ठभागावर पोहण्यासाठी असतो. त्यात सहसा नाक चिमटीत धरता येत नाही आणि रेग्युलेटरही (टाकीतली हवा श्वासासाठी देणारे उपकरण) तोंडात घेता येत नाही. तो घेऊन खाली जाऊ नये.

मिशी असल्यास नाकाखालची बारीक पट्टी कापावी. फटीवर व्हॅसलिन चोपडू नये. लावायचेच असेल तर सिलिकॉन ग्रीस लावावे. हूडची (डोके झाकणाऱ्या टोपीची) कड आणि केस स्कर्टखालून बाहेर काढावेत. मास्क उन्हात किंवा फिन्सच्या (पायांत घालायच्या पोहण्याच्या पंखांच्या) ओझ्याखाली ठेवू नये, कारण दबून वाकलेला स्कर्ट पुन्हा पूर्ववत होईलच असे नाही.

इतके करूनही पाणी येत असेल, तर ते कुठून येते हे पाहिल्याशिवाय बकलला हात लावू नये. वरच्या कोपऱ्यातून आले तर केस किंवा हूड अडकलेला असतो. कानशिलाकडून आले तर मास्क अरुंद आहे. नाकाखालून आले तर मिशी किंवा मास्कची उंची तपासावी. आणि सगळीकडून थोडे थोडे येत असेल, तर बहुतेक वेळा नवशिका माणूस नकळत प्रत्येक उच्छ्वास नाकाने सोडत असतो आणि त्या हवेने कड दर वेळी उचलली जाते. अशा विद्यार्थ्याला मी नवा मास्क घेऊ देत नाही. कमरेएवढ्या पाण्यात, मास्क न लावता, चेहरा पाण्यात बुडवून केवळ तोंडाने रेग्युलेटरमधून दहा मिनिटे श्वास घ्यायला आणि सोडायला लावतो, आणि मगच त्याचा जुना मास्क पुन्हा लावून पाहतो.