बाजारातून घेतलेला एअर फिल्टर सदोष निघाल्यास
कंपनीचा मूळ फिल्टर काढून बाजारातला एअर फिल्टर बसवल्यानंतर गाडीची ओढ कमी झाली, ती इंजिन ऑइल खाऊ लागली किंवा चेक इंजिनचा दिवा लागला, तर कृपया गाडी तशीच दामटत राहू नका. फिल्टरची रबरी कड खाचेत घट्ट बसली नसेल, तर बारीक धूळ फटीतून थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टन रिंगा झिजू लागतात. फिल्टरपासून इंजिनकडे जाणारी नळी आतून पांढऱ्या कापडाने पुसून पाहा. कापडावर बोटांना करकरणारी माती आली, तर फिल्टरने धूळ अडवलेली नाही असे समजावे. तेल लावलेल्या कापडी फिल्टरचे जादा तेल हवेच्या सेन्सरवर बसूनही तो दिवा लागतो, आणि तेवढेच असेल तर सेन्सर साफ करून बहुधा भागते.

फिल्टर जागेवर असतानाच त्याचे फोटो काढा. दुकानदार लगेच बदलून देतो म्हणाला, तरी काढलेला फिल्टर त्याच्या हाती सोपवू नका, कारण तोच तुमचा मुख्य पुरावा आहे. त्रयस्थ गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजण्याची चाचणी) करून प्रत्येक सिलिंडरचे आकडे लेखी घ्या आणि बिल व जॉब कार्डासह विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा. त्याने दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाकडे मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावे लागते.