वायरमनला दर विचारण्याआधी पॉइंट मोजा

वाशी-नेरूळकडच्या जुन्या सिडको घरांत वायरिंग बदलायला काढलं की काम बहुधा ‘पॉइंटला इतके’ अशा दराने ठरतं. दर सगळे विचारतात. पॉइंट नेमका कशाला धरणार, हे मात्र बिल हातात पडल्यावर विचारलं जातं.

अमेरिकेचा नॅशनल इलेक्ट्रिकल कोड आउटलेटची व्याख्या अशी करतो: उपकरणाला वीज देण्यासाठी वायरिंगमधून जिथे करंट घेतला जातो ती जागा. आपल्याकडे वायरिंगसाठी आयएस ७३२ हे भारतीय मानक आहे, त्यातला ‘पॉइंट’ही याच्याच जवळचा. म्हणजे भिंतीवरचं सॉकेट तेवढंच आउटलेट नव्हे. छतातला पंख्याचा बॉक्स किंवा ट्यूबलाइटचं टोक हेही आउटलेटच. स्विच मात्र नाही, कारण तो करंट फक्त चालू-बंद करतो.

आता कागदावर घराचा कच्चा नकाशा काढा आणि खोलीगणिक वीज कुठे कुठे घेतली जाणार तिथे खुणा करा. सुरुवात स्वयंपाकघरापासून करा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात: फ्रिज, मिक्सर, ओव्हन, वॉटर प्युरिफायर, चिमणी. पुढे एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळू नये असं वाटत असेल तर इथे हात आखडू नका.

प्रत्येक खुणेपुढे वॅट लिहा. २३० व्होल्टवर ६ अँपिअरचं सॉकेट साधारण १३८० वॅटपर्यंतच चालतं. २००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर खेचतो, त्यामुळे त्याला १६ अँपिअरचाच पॉइंट हवा आणि डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य वितरण पेटीपासून, वेगळी लाइनही. एसीचंही तेच.

मग दराचं बोला. जिन्यातल्या एका दिव्याला दोन टू-वे स्विच असले तरी व्याख्येने पॉइंट एकच; पण वायर आणि मेहनत जास्त लागते, तेव्हा वेगळा दर मागणं रास्त आहे. एकाच बॉक्समधली दोन सॉकेट एक धरायची की दोन, हेही आधीच लिहून घ्या.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. डीबीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) मागा आणि अर्थिंग तपासून घ्या. भिंती बुजवण्याआधी पाइप कुठून गेलेत त्याचे फोटो काढा. पुढे ड्रिल मारताना तेच कामी येतील.