फॅमिली प्लॅन घरात वाटायचाय, पण नको ती खाती उघडायची नाहीयेत? मग असं करा

घरातलं कुणीतरी एक जण फॅमिली प्लॅन, म्हणजे अनेक जणांना मिळून वापरता येणारं एकच सबस्क्रिप्शन, घेतं, घरच्या ग्रुपवर लिंक टाकतं आणि आठवड्याभरात घरात चार नवे ईमेल पत्ते झालेले असतात, जे कुणालाच नको होते. आमच्याकडे आईच्या नावावर तीन खाती निघाली. पासवर्ड आठवला नाही की ती सरळ "नवीन खातं तयार करा" दाबायची, आणि मग अॅप म्हणायचं की तुमच्याकडे सबस्क्रिप्शनच नाही. ते तरी काय करणार, सबस्क्रिप्शन जोडलेलं होतं पहिल्या खात्याला आणि ती आत शिरली होती तिसऱ्यातून. ते निस्तरायला माझा अख्खा रविवार गेला, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

आधी बघा, खरंच कुणाला लागतंय

मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिलीत (वर्ड, एक्सेल वगैरेचा प्लॅन) मालक, म्हणजे प्लॅन घेणारा, धरून ६ जण बसतात, गूगल आणि अॅपलच्या फॅमिली ग्रुपमध्येही मालकासकट ६ च. जागा आहेत म्हणून सगळ्या भरल्याच पाहिजेत असं नाही. बाबांना महिन्यातून एकदा आलेली फाइल फक्त वाचायची असेल तर त्यांना खातं कशाला? फाइल पीडीएफ करून पाठवा, किंवा "लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल" अशी लिंक द्या. अधूनमधून एखादं पत्र टाइप करायचं असेल तर लिब्रेऑफिस हे वर्डसारखं सॉफ्टवेअर टाकून द्या, ते फुकट आहे आणि खातं मागत नाही. अँटिव्हायरससारख्या प्लॅनमध्ये बऱ्याचदा माणसं नाही, डिव्हाइस मोजतात, तिथे मालकाच्या खात्यातून इन्स्टॉलची लिंक पाठवली की काम होतं.

मग जुनी खाती शोधा

ही पायरी लोक सोडतात आणि तिथेच घोळ होतो. अँड्रॉइड फोन असेल तर गूगल खातं बहुतेक आधीच असतं, सेटिंग्जमध्ये "खाती" उघडून बघा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये अगदी वर नाव दिसतं, तेच अॅपल खातं. मायक्रोसॉफ्टसाठी साइन इनच्या पानावर माणसाचे सगळे ईमेल आणि फोन नंबर एकेक करून टाकून बघा, खातं नसेल तर ते तसं सांगतं. पासवर्ड विसरला असेल तर तो बदलून घ्या, पण "नवीन खातं" दाबू नका, कितीही घाई असली तरी. सापडलेलं खातं कागदावर लिहून ठेवा: कोण, कोणता ईमेल, कशासाठी.

नवं लागलंच तर नवा ईमेल घेऊ नका

मायक्रोसॉफ्ट खात्याला आउटलुकचाच पत्ता लागतो असं खूप जणांना वाटतं, पण तसं नाहीये, आईचा रोजचा जीमेल पत्ता टाकूनही खातं निघतं. गूगललाही दुसऱ्या कंपनीचा ईमेल चालतो. म्हणजे सांभाळायला नवी मेलबॉक्स नको.

एक गोष्ट मात्र घरच्यांना समोर बसवून समजवा: पत्ता तोच असला तरी पासवर्ड दोन आहेत, एक जीमेलचा आणि एक मायक्रोसॉफ्टचा. आई जीमेलचा पासवर्ड इकडे टाकत राहायची आणि "चुकलं चुकलं" म्हणून पुन्हा नवं खातं काढायला निघायची. हे कळल्यावर तिचा निम्मा त्रास गेला. आणि ऑफिसचा किंवा कॉलेजचा ईमेल घरच्या प्लॅनला वापरू नका, नोकरी सुटली की तो पत्ता हातातून जातो.

आमंत्रण स्वीकारताना

लिंक तुमच्याच लॅपटॉपवर उघडत असाल तर इनकॉग्निटो (खाजगी) विंडो वापरा, तिथे आधीचं कुठलंच खातं उघडं नसतं, नाहीतर ब्राउझरमध्ये आधीपासून जे खातं उघडं आहे त्यातूनच आमंत्रण स्वीकारलं जातं आणि जागा भलत्यालाच मिळते.

गूगल आणि अॅपलमध्ये एका वेळी एकाच फॅमिली ग्रुपमध्ये राहता येतं, आणि ग्रुप वर्षातून एकदाच बदलता येतो. म्हणून "बघूया तर खरं" म्हणून उगाच कुठे सामील होऊ नका. अॅपलमध्ये खरेदी शेअर करण्याचा पर्याय चालू राहिला तर सगळ्यांच्या खरेदीचे पैसे मालकाच्या कार्डावरून जातात, नको असेल तर सुरुवातीलाच बंद करा. फाइल्स आणि फोटो एकमेकांना दिसत नाहीत, स्टोरेजची जागा तेवढी वाटली जाते, हेही सांगून टाका, कारण मोठी मुलं बहुतेक याच भीतीनं नाही म्हणतात.

विंडोजवर जपून

वर्ड किंवा एक्सेलमध्ये साइन इन केलं की विंडोज विचारतं, हे खातं डिव्हाइसवर सगळीकडे वापरू का? सवयीनं "पुढे" दाबलं तर लॅपटॉपचं साधं लोकल लॉगिन (फक्त त्या लॅपटॉपपुरतं असलेलं) मायक्रोसॉफ्ट खात्यात बदलू शकतं, आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडताना काय टाकायचं तेच कळत नाही. तिथे "फक्त मायक्रोसॉफ्ट अॅप्ससाठी" असा लहान अक्षरातला पर्याय असतो, तो दाबा.

काही जण हे सगळं टाळायला मालकाचंच खातं सगळ्यांच्या लॅपटॉपवर टाकतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ एका माणसाला एकाच वेळी ५ डिव्हाइसवर चालतं, त्यामुळे ते चालेलही, पण मग तुमच्या अलीकडच्या फाइल्स त्यांच्या वर्डमध्ये दिसायला लागतात, आणि पासवर्ड दिला की मेलसुद्धा दिल्यासारखंच. घरातल्या सामाईक कॉम्प्युटरपुरतं ठीक आहे, दुसऱ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर मी तरी हे करणार नाही.

उरलेली खाती बंद करा

बंद करण्याआधी त्या खात्यात शिरून फाइल्स, फोटो, कॉन्टॅक्ट बघा आणि कामाचं ते दुसरीकडे हलवा. मायक्रोसॉफ्ट खातं बंद करताना ३० किंवा ६० दिवसांची मुदत निवडता येते, ६० च घ्या, तेवढ्यात काही राहिलेलं आठवलं तर साइन इन करून खातं परत मिळवता येतं. कुणी प्लॅनमधून बाहेर पडणार असेल तर त्याला आधी सांगा, कारण मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हची, म्हणजे ऑनलाइन फाइल्स ठेवायची, १ टीबी जागा जाऊन मोफतची ५ जीबी उरते. आईची दोन खाती मी अशीच बंद केली, एकात तिच्या जुन्या सहलीचे फोटो निघाले, ते आधी उतरवून घेतले आणि मगच बंदचं बटण दाबलं.