प्लॅन पास करून घ्यायच्या कामाला लागताय? आधी उतारा वाचायला शिका

सिव्हिल डिप्लोमा करून आमच्या सीमाभागात लायसनवाल्या इंजिनिअरकडे जॉइन होणाऱ्या पोरांसाठी लिहितोय. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, ठेचा खाऊन कळलं.

मी डिप्लोमा केला गारगोटीला. म्हणजे डोक्यात सगळं महाराष्ट्राचं, सातबारा, आठ-अ. आणि घर कर्नाटकात, तिथं आरटीसी (तिकडचा सातबारा), फॉर्म थ्री (शहरातल्या मिळकतीचा उतारा), इलेव्हन-ई स्केच (जमिनीच्या तुकड्याचा मोजणी नकाशा) असली नावं. ऑटोकॅड चांगलं येत होतं त्यामुळं थोडा माजच होता म्हणा. पहिलीच फाइल आली ती सूतगिरणीतून रिटायर झालेल्या एका काकांची, 33 बाय 33 चा प्लॉट, मी दोन दिवस बसून मस्त टू बीएचके काढला, जिना बाहेरून, देवघर ईशान्येला, सगळं. साहेबांनी (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) प्रिंट बाजूला सारली आणि विचारलं, एनए ऑर्डर (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश) कुठाय? लेआउट कुणी मंजूर केला? मी गप्प. फाइलीत होता फक्त एक बाँड पेपर.

33 बाय 33 म्हणजे 1089 स्क्वेअर फूट, बरोब्बर एक गुंठा. हा आकडा दिसला की कान टवकारायचे. शेतकऱ्यानं एकरातले गुंठे पाडून बाँडवर विकलेले असतात, लँड रेव्हेन्यू कायद्याच्या कलम 95 खाली एनए नाही, टाउन प्लॅनिंगच्या कलम 17 खाली लेआउट मंजूर नाही, म्हणजे कागदावर ते अजून शेतच आहे आणि शेतावर घराचा प्लॅन पास होत नाही, मग तुमचं ड्रॉइंग कितीका देखणं असेना. असल्या जागा नियमित करायची अक्रम-सक्रम योजना होती पण 2017 ला सुप्रीम कोर्टाचा स्टे आला. 2025 मध्ये बी खाता द्यायला सुरुवात झाली तेव्हा आमच्या ऑफिसात रांग लागली होती, लोकांना वाटलं सुटलो. अहो बी खाता म्हणजे घरपट्टी भरायला नंबर मिळाला एवढंच, त्यानं बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. हे क्लायंटला पहिल्या दिवशी तोंडावर सांगायचं, फी गेली तरी चालेल.

दुसरं, जागा नेमकी कुणाच्या हद्दीत आहे ते बघा. बेळगाव शहरात महानगरपालिका आणि 1976 चा कायदा, निपाणीत नगरसभा, खानापुरात पट्टण पंचायत, या दोघांना 1964 चा म्युनिसिपालिटी कायदा लागतो. खेड्यात ग्रामपंचायत, तिथं मिळकतीचे उतारे म्हणजे फॉर्म नऊ आणि अकरा, शहरात फॉर्म थ्री. बेळगावात कॅम्पात गेलात की कॅन्टोन्मेंट बोर्ड, तिथलं गाव वेगळं. लेआउट आणि झोन परत बुडाकडं, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाकडं. एकाच रस्त्याच्या अलीकडं एक ऑफिस आणि पलीकडं दुसरं असं होतंय, आणि चुकीच्या खिडकीत फाइल दिली तर ती तिथंच झोपते, कुणी उठवून सांगत नाही की बाबा हे आमचं नव्हं.

झोनचं म्हणाल तर मास्टर प्लॅनचा नकाशा उघडून सर्वे नंबर शोधायचा. पिवळा राहायला, निळा व्यापाराला, जांभळा कारखान्याला, हिरव्यात पडला तर आधी लँड यूज बदलायचा अर्ज. एकाला मंगल कार्यालय बांधायचं होतं, एनए होती, छाती काढून आलेला, ऑर्डर वाचली तर "वसती"साठी एनए. झालं. म्हणजे क्रम असा लक्षात ठेवा की झोन, मग एनए, मग लेआउट, मग ई-खाता (मिळकतीची ऑनलाइन नोंद) आणि सगळ्यात शेवटी आपला प्लॅन. लोक उलट्या बाजूनं येतात, आधी वास्तुशांतीची तारीख काढतात.

आता कन्नड. यावर भांडायचं असेल तर वेगळं भांडू, 15 टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद मिळावेत हे मलाही मान्य आहे आणि 1956 पासून कागदावर आहेही. पण टेबलावरची फाइल आज कन्नडमध्ये आहे आणि वाचायची तुम्हालाच आहे. बोलायला "नाळे बर्री" (उद्या या) आणि "साहेबर इल्लरी" (साहेब नाहीत) एवढं तर दोन दिवसांत येतंच, ते ऐकूनच पाठ होतं, पण वाचता आलं पाहिजे. माझी फजिती सांगतो. एका फाइलीवर शिक्का, सही, आवक नंबर असलेलं पत्र आलं, मी समजलो प्लॅन पास, क्लायंटला फोन करून मोकळा, तो पेढे घेऊन निघाला. अण्णांनी वाचलं, वर "हिंबरह" लिहिलेलं. म्हणजे ऑफिसचा लेखी शेरा, त्रुटी काढून फाइल परत! चक्कबंदी, म्हणजे चतुःसीमा, खरेदीपत्राशी जुळत नव्हती. ते पेढे आम्ही खाल्ले आणि दोन महिने दुरुस्ती करत बसलो. त्यानंतर रोज रात्री अर्धा तास बाराखडी काढली मी, भाचीच्या पहिलीच्या पुस्तकातून. परवानिगे म्हणजे परवानगी, भूपरिवर्तने म्हणजे एनए, तेरिगे म्हणजे कर, कडत म्हणजे फाइल, आणि उताऱ्यावर 9 नंबरच्या कॉलमला मालकाचं नाव, 11 ला बोजा. सोसायटीचं कर्ज 11 ला लपून बसलेलं असतं.

बांधकाम सुरू झालं की आपलं काम संपलं असं समजू नका. नोटीस येते ती बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या तक्रारीवरून, कोण रोज टेप घेऊन फिरत नाही. मालक स्लॅबच्या वेळी गवंड्याला म्हणतो दोन फूट गॅलरी पुढं घे रे, गवंडी घेतो, आणि नोटिशीत आपल्या सहीचा प्लॅन. महापालिका हद्दीत कलम 321 ची नोटीस असते, आधी तात्पुरता आदेश आणि कारणे दाखवा, मग कायम. मुदतीत मापासकट लेखी उत्तर द्यायचं, आवक शिक्का घ्यायचा, "बघतो म्हणाले साहेब" यावर जायचं नाही. मी आता जोत्याच्या वेळी टेप लावून फोटो काढतो, आणि प्लॅन सोडून काही केलं की मालकाला त्याच दिवशी पत्र देतो, पोच घेऊन. एकजण यावरून चिडून दुसऱ्या इंजिनिअरकडं गेला, जाऊ दे.

पूर्वी लोक ओसी (घर वापरायला योग्य असल्याचा दाखला) घेतच नव्हते, मीटर बसला की झालं. 17 डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ओसी बघितल्याशिवाय वीज-पाणी देऊ नका, त्यानंतर हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीत, गेलेले लोक तसेच आमच्याकडं परत यायला लागले. घर पूर्ण, रंग झालेला, आणि बाजूचं अंतर प्लॅनपेक्षा कमी. त्याला मी तरी काय करणार.

ते सूतगिरणीचे काका अजून येतात, बाजारादिवशी. खुर्चीवर बसतात, "सक्रम सुटलं काय रे?" विचारतात, नाही म्हटलं की चहा घेतात. त्यांच्या टू बीएचकेची ती प्रिंट मी टाकलेली नाही, कपाटात आहे.