लेखकाचा लाडोबा: खलनायकाला जमिनीवर कसं आणावं

माझ्या पहिल्या दीर्घकथेत आबा नावाचा बिल्डर होता. पोलीस त्याच्या खिशात, वकील त्याच्या खिशात आणि नायक काय करणार हे नायकाच्या आधी त्याला ठाऊक. सदाशिव पेठेत एका मित्राच्या गच्चीवर कथेचं वाचन केलं. संपल्यावर बाकीचे घुटमळत राहिले. मित्राची आई मात्र म्हणाली, "हा खलनायक आहे की तुझा जावई? अधिक महिन्यातलं वाण दिल्यासारखं पानोपानी काही ना काही देतोयस त्याला."

काकूंचं बरोबर होतं. खलनायक बलाढ्य असला म्हणून बिघडत नाही. त्याच्यासाठी लेखक गोष्टीचे नियम वाकवू लागला की बिघडतं.

हे आपल्या लिखाणात झालंय का, हे आधी तपासा. अप्पा बळवंत चौकातून साधी वही आणा आणि दोन रकाने आखा. एकात खलनायक कुठे जिंकला ते लिहा, दुसऱ्यात कशामुळे. पैसा, अक्कल, माणसं, आधीची तयारी असं काही कारण निघालं तर ठीक. "त्याला कसं कोण जाणे, कळलं", "नेमके तेव्हाच दिवे गेले", "पोलिसांच्या लक्षात आलं नाही" अशी कारणं येऊ लागली, तर तिथे खलनायक जिंकलेला नाही, तुम्ही त्याला जिंकवलंय. माझ्या वहीत 14 विजय निघाले, त्यांतले 9 असे. एका प्रकरणात तर आबा संध्याकाळी साडेसहाला गाडीने कात्रजहून निघून पावणेसातला पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, औंधात हजर होता. असुरांनाही न मिळालेला वर मी त्याला देऊन बसलो होतो.

वरावरून आठवलं. ताकद कशी द्यावी हे शिकायचं असेल तर पुराणांकडे जा. हिरण्यकशिपूला मरण नव्हतं घरात ना बाहेर, दिवसा ना रात्री, माणसाकडून ना पशूकडून, शस्त्राने तर नाहीच. एवढा कडेकोट बंदोबस्त, तरी नरसिंहाला उंबरठा सापडला, तिन्हीसांजेची वेळ सापडली, नखं सापडली. रावणाने देव-दानवांपासून अभय मागितलं आणि माणसाला किरकोळ समजून यादीतून वगळलं. इथे थांबून विचार करा, कारण सगळी मेख इथेच आहे. वरातली फट रावणाच्या गर्वाने ठेवली आहे. शेवट जमेना म्हणून ती मागाहून पाडलेली नाही. भस्मासुराची गोष्ट आणखी पुढची: त्याला मारायला वेगळं शस्त्रच लागलं नाही. मिळालेला वर होता, स्वतःचाच हात होता आणि मोहिनीच्या नाचाबरोबर तो हात स्वतःच्याच डोक्यावर गेला.

तेव्हा आपल्या खलनायकाचा वर एका वाक्यात लिहून काढा: "याला कोणीच हरवू शकत नाही, अपवाद फक्त..." पुढची जागा त्याच्या स्वभावातून भरा. मला तीन दिवस लागले. आबा संशयी होता. मुनीम ठेवला तर तो खाईल, या भीतीने काळ्या पैशाचा हिशेब तो स्वतःच्या हस्ताक्षरात ठेवायचा. त्याच संशयामुळे तो इतकी वर्षं कुणाच्या हाती लागला नव्हता, आणि आता तीच वही त्याच्या डोक्यावरचा हात झाली. वहीचा उल्लेख मात्र दुसऱ्याच प्रकरणात, सहज बोलता बोलता करून ठेवा. शेवटून तिसऱ्या पानावर ती उगवली तर वाचक पुस्तक मिटेल.

मग किंमत. सत्ता फुकट मिळालेली दाखवू नका. पुण्याचा घाशीराम कोतवाल घ्या. विजय तेंडुलकरांच्या 1972 साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात घाशीराम कोतवालीसाठी स्वतःची मुलगी पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांच्या हवाली करतो. त्याचा दरारा शहरभर पसरतो, पण ती सत्ता नानांच्या मर्जीवर उसनी घेतलेली आहे. मर्जी फिरते आणि तो जमावाच्या हाती सापडतो. इतिहासातल्या घाशीरामाचाही शेवट 1791 मध्ये पुण्यातल्या जमावाच्या दगडांनीच झाला. तुमच्या खलनायकाला ताकद कोणी दिली, ती परत कोण घेऊ शकतो आणि त्याने बदल्यात काय दिलं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुमच्यापाशी हवीत, कथेत लिहिली नाहीत तरी.

बाकीच्या पात्रांची काढून घेतलेली अक्कल त्यांना परत करा. माझा इन्स्पेक्टर इतका बावळट होता की त्याला पार्किंगची पावतीही फाडता आली नसती. तो थोडा हुशार झाल्यावर आबाला पहिल्यांदाच धावपळ करावी लागली, आणि गंमत म्हणजे तो आधीपेक्षा जास्त भीतिदायक वाटू लागला.

शेवटचं काम जिवावर येतं. आपल्याला सुचलेली सगळी टाळ्यांची वाक्यं आपण खलनायकाच्या तोंडी घालतो, कारण त्याच्या आडून आपल्यालाच बोलायचं असतं. त्यातलं सर्वांत चांगलं वाक्य काढा आणि त्याच्या विरोधकाला द्या. ते विरोधकाच्या तोंडी शोभत नसेल तर कापा. माझी दीड पानं अशी गेली.

यानंतर पुन्हा मोठ्याने वाचून दाखवा, शक्यतो त्याच माणसांना. दुसऱ्या खेपेला मी पाणी प्यायला मध्येच थांबलो, तर काकू पोह्यांचा डाव हातात धरून दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "पाणी नंतर पी. ती वही कुणाला सापडली?"