माथेरान पायी पाहताना वाटांची निवड कशी करावी

नेरळच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले माथेरान हे महाराष्ट्रातील सर्वांत लहान नगरपरिषदांपैकी एक असून, २०११ च्या जनगणनेनुसार तेथील वस्ती साडेचार हजारांहूनही कमी आहे. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हे ठिकाण हेरले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर पोहोचली आणि २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. खाजगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तेथे प्रवासी कर भरून अडीच-तीन किलोमीटर चालले की बाजारपेठ लागते. नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकाहून शटल गाडीनेही येता येते, पण पाय धडधाकट असतील तर चालतच यावे, कारण जंगलाची ओळख याच रस्त्यावर होऊ लागते.

येणाऱ्या बहुतेकांच्या हातात पॉइंटांची यादी असते आणि एका दिवसात ती संपवण्याची घाई असते. माझ्या मते ही पद्धत माथेरानला न्याय देत नाही. पठार उत्तर-दक्षिण पसरलेले आहे, त्यामुळे एका दिवशी एकच बाजू निवडावी आणि कड्यालगतच्या वाटेने एका पॉइंटावरून दुसऱ्यावर जावे, म्हणजे पुन्हा पुन्हा बाजारपेठेत परतावे लागत नाही.

पहिल्या दिवसासाठी पश्चिम आणि दक्षिण बाजू उत्तम. शार्लोट तलावापासून सुरुवात करावी. गावाला पिण्याचे पाणी पुरवणारा हा तलाव असल्याने त्यात उतरणे, हातपाय धुणे किंवा काही टाकणे कटाक्षाने टाळावे. काठावरच ग्रामदैवत पिसारनाथाचे मंदिर आहे. तेथून जवळच एको आणि लॉर्ड पॉइंट आहेत, तर लुइझा पॉइंटावरून दरीपलीकडे प्रबळगडाचे विस्तीर्ण पठार समोर उभे राहते. दक्षिणेकडे वन ट्री हिल आणि चौक पॉइंट लागतात. आकाश स्वच्छ असेल तर खाली मोरबे धरणाचा जलाशय दिसतो. संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटावर सूर्यास्त पाहायचा असेल तर परतीसाठी बॅटरी सोबत हवीच, कारण झाडांच्या दाटीत अंधार लवकर पडतो आणि मुळांना पाय अडखळतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तर टोकाच्या पॅनोरमा पॉइंटाकडे निघावे. अंतर बरेच आहे, परंतु पहाटेची ही चाल पक्ष्यांसाठी सर्वांत फलदायी ठरते. जांभूळ, हिरडा आणि अंजनीच्या सावलीत थोडे थोडे अंतर चालून थांबत गेल्यास उंच फांद्यांवर शेकरू दिसण्याची शक्यता वाढते. त्याचे काड्या-पानांचे मोठे, गोलसर घरटे दिसले तर खाली गलका न करता पुढे जावे. पावसाळ्याच्या तोंडावर मलबारी कस्तुर या पक्ष्याची माणसाच्या शिट्टीसारखी शीळ ऐकू येते.

वाट सोडून न जाण्याचा नियम इथे विशेष काटेकोरपणे पाळावा लागतो आणि त्याचे कारण पायाखालीच आहे. बेसाल्टच्या कड्यांवर जांभ्या दगडाचा आणि लाल मातीचा थर आहे. वळण टाळण्यासाठी दहा माणसे उतारावरून सरळ उतरली की तेथील गवत व पालापाचोळा निघून जातो, पहिल्याच जोरदार पावसात पाणी त्या चरातून धावते, माती वाहून जाते आणि झाडांची मुळे उघडी पडतात. अनेक वाटांच्या कडेला अशी उघडी मुळे आजही दिसतात. म्हणून जवळची म्हणून दिसणारी आडवाट, ती कितीही मळलेली असली तरी, वापरू नये.

घोडे जात असतील तेव्हा दरीच्या बाजूला न थांबता डोंगराच्या बाजूला सरकून उभे राहावे. माकडांना खाऊ देऊ नये. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली तरी ती हिसकावतात, त्यामुळे खाण्याचे सर्व पदार्थ पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवावेत आणि कचराही त्याच सॅकमधून परत न्यावा. फाट्यावर दिशा कळेनाशी झाली तर घोडेवाल्यांना किंवा पायथ्याच्या वाड्यांतून डोक्यावर ओझे घेऊन चढणाऱ्या ठाकर, कातकरी बांधवांना विचारावे, कारण कोणती वाट ढासळली आहे हे त्यांना सर्वांआधी ठाऊक असते.

चालण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. जून ते सप्टेंबरमध्ये जंगल अतिशय देखणे असले तरी धुक्यात कडा दिसत नाही आणि लाल माती निसरडी होते, म्हणून त्या दिवसांत तळव्याला चांगली पकड असलेले बूट घालून गावाजवळच्या रुंद वाटांवरच फिरावे. वन ट्री हिलच्या बाजूने खाली उतरणारी शिवाजीची शिडी किंवा रामबागची वाट पावसात स्थानिक वाटाड्याशिवाय धरू नये. कोरड्या दिवसांतही उतरणीसाठी सकाळीच निघावे, म्हणजे पायथ्याच्या गावातून परतीचे वाहन उजेडात मिळते.